निजायची वेळ सकाळपासून मोजा

मंडळी, भारतात वाढताना आपल्यापैकी किती जणांची निजायची वेळ ठरलेली होती? पाहुणे गेले, जेवणे आटोपली, अंथरुणे पडली की झोप. इथे अमेरिकेत मात्र सकाळी स्कूलबस येते आणि ती कोणासाठी थांबत नाही. म्हणून मुलांच्या झोपेचा हिशेब सकाळपासून उलटा मांडावा, असे मला वाटते.

आधी आकडे पाहू. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली सुचवलेली रोजची झोप अशी: १ ते २ वर्षे, ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षे, १० ते १३ तास (दोन्हींत दुपारची झोप धरून), ६ ते १२ वर्षे, ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षे, ८ ते १० तास.

आमची मुलगी ७ वर्षांची. बस ७:३० ला, म्हणून उठणे ६:३० ला. तिला १० तास लागतात, म्हणजे ८:३० ला डोळे मिटायला हवेत. त्याआधी तासभर टीव्ही, टॅब्लेट बंद. मग दात घासणे, गोष्ट आणि मंद दिवा. यासाठी जेवण ६:३० ला! रात्री नऊला पाने घेणाऱ्या आपल्या घरांना हेच जड जाते. मला ऑफिसातून यायला उशीर झाला तर मी मागाहून जेवतो, पण तिचे पान वेळेवर वाढले जाते.

दुसरी अडचण आजी-आजोबांच्या फोनची. इथे पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ८:३० वाजतात तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात सकाळचे ६ असतात. आजी चहा घेऊन फोनवर हजर, की नातीची झोप उडालीच! आम्ही हा फोन शनिवार-रविवारी सकाळी ९ ला नेला. तिकडे तेव्हा संध्याकाळचे ६:३० (हिवाळ्यात ७:३०) असतात. घाई नसल्याने आजीची गोष्टही पुरी होते.

मेंदूतले घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. सकाळी उठल्याबरोबर पडदे उघडा, मुलांना बाहेर न्या. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार पुढे ढकलू नका. भारतातून परतल्यावर हे घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकते. तेव्हा शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचे तिकीट काढू नये. मार्चमध्ये घड्याळे तासभर पुढे जातात, त्याआधी ४ दिवस रोज १५ मिनिटे लवकर निजवावे.

इथे मेलाटोनिनच्या गोळ्या दुकानात सहज मिळतात, पण मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या देऊ नयेत. मूल नेहमी मोठ्याने घोरत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तेव्हा आज एवढेच करा: कागदावर बसची वेळ लिहा आणि मागे मोजत या. जे उत्तर येईल ते घरातल्या मोठ्यांनीही पाळायचे आहे!