आंत राहून काढिलेला नकाशा

पावसाळा सरल्यावर अमावास्येच्या सुमारास आपल्या वर्धा जिल्ह्यांतील कोणत्याहि खेड्याच्या अंगणांत उभें राहिलें, म्हणजे आकाशगंगेचा फिकट पट्टा डोक्यावरून गेलेला दिसतो. शाळेच्या पुस्तकांत मात्र तीच आकाशगंगा भोंवऱ्यासारखी, बांकदार भुजांची दाखविलेली असते. एखादा मुलगा विचारील, "तिच्या बाहेर कोणी गेलेंच नाहीं, तर हें चित्र घेतलें कोणीं?" प्रश्न रास्त आहे, शिक्षकानें तो टाळूं नये. आमचें उत्तर असें कीं, तें छायाचित्र नव्हे. पुराव्यावरून काढिलेला नकाशा आहे.

ज्वारीच्या दाट वावरांत मधोमध उभ्या असलेल्या मनुष्यास चोहोंकडे ताटेंच दिसतात. तासें कोठें वळलीं हें त्यास कळत नाहीं. आपली स्थिति तशीच आहे. आकाशगंगेची रुंदी सुमारें १ लक्ष प्रकाशवर्षें असून आपला सूर्य तिच्या मध्यापासून सुमारें २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. शिवाय मधली धूळ दूरचा प्रकाश अडविते.

मग वाट कशी सांपडली? निळे तेजस्वी तारे अल्पायुषी असल्यामुळें जन्मस्थान सोडून फार दूर जात नाहींत, आणि ते भुजांतच विशेषेंकरून जन्मतात. इ. स. १९५१ सालीं अमेरिकेंतील विल्यम मॉर्गन यांनीं अशा ताऱ्यांचीं अंतरें मांडून जवळच्या भुजा दाखविल्या. त्याच सालीं हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ-लहर प्रथम पकडण्यांत आली. ही लहर धुळींतून आरपार येते.

वर्ध्याच्या स्टेशनांतून न थांबतां जाणाऱ्या गाडीची शिटी येतांना बारीक व जातांना जाड ऐकूं येते. तसेंच, वायु आपणांकडे येत असल्यास लहर आंखूड होते, दूर जात असल्यास लांबते. त्यावरून त्याचा वेग कळतो. आणि मध्याभोंवतीं कोठें किती वेगानें फिरणें होतें हें ठाऊक असल्यामुळें त्याच्या जागेचा अदमास बांधितां येतो. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारिल्या आहेत. त्यांनाहि ही लहर टिपतां येते.

तथापि मुख्य भुजा दोन कीं चार, याविषयीं विद्वानांत अद्याप एकमत नाहीं. मध्यापलीकडील भाग तर नकाशांत फारच अस्पष्ट आहे. यास्तव मुलांस शिकवितांना "पाहिलें" आणि "ताडिलें" हे दोन शब्द वेगळे ठेवावे. ताडिलेलें तें सर्व खोटें, असें नव्हे. परंतु साक्ष कोठवर पोंचते हें जो सांगतो, त्याच्याच शब्दावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.