ध्रुवीय प्रदेशातील विद्युद्भारित कणांचा उगम

पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा विषुववृत्ताच्या आसपास जमिनीला जवळजवळ समांतर असतात. ध्रुवांकडे जावे तसतशा त्या उभ्या होत जातात आणि अखेर अवकाशात दूरवर निघून जातात. विद्युद्भारित कणाला बलरेषा ओलांडून जाणे कठीण, परंतु तिच्या अनुरोधाने सरकणे सोपे असते. या अर्थाने ध्रुवीय प्रदेश म्हणजे पृथ्वीचे जणू उघडे दारच होय. या दारात सदैव वावरणारे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि इतर आयन मुळात येतात कोठून?

नॉर्वेचे पदार्थविज्ञानवेत्ते क्रिस्टियान बर्कलंड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाचा मोठ्या चिकाटीने पाठपुरावा केला. निर्वात पेटीत चुंबकित गोल टांगून त्यांनी त्यावर कॅथोड किरण सोडले, तेव्हा गोलाच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. ध्रुवीय प्रकाशास कारणीभूत होणारे कण सूर्याकडून येतात, असे त्यांचे मत होते. सूर्यापासून कणांचा अखंड प्रवाह वाहत असला पाहिजे, हे यूजीन पार्कर यांनी १९५८ साली गणिताने दाखविले. मरिनर-२ या यानाने १९६२ साली त्याचा भरभक्कम पुरावा दिला. हाच सौर वात. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो. त्यातील काही कण दिवसाच्या बाजूस असलेल्या ध्रुवीय फटींतून थेट खाली उतरतात. काही पृथ्वीमागे पसरलेल्या चुंबकीय पुच्छात शिरतात आणि तेथे ऊर्जा मिळवून परततात. हिशेब इतका जुळल्यावर सर्व कणांचे माहेर सूर्यच, अशी समजूत दृढ झाली यात नवल नाही.

तिला धक्का दिला तो ऑक्सिजनने. डिसेंबर १९७१ मधील चुंबकीय वादळाच्या वेळी ध्रुवांवरून फिरणाऱ्या एका अमेरिकी उपग्रहाला वरून खाली येणारे अतिवेगवान ऑक्सिजन आयन आढळले. शेली आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली ते प्रसिद्ध केले. आता, सूर्याच्या प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असते. तेथील ऑक्सिजनच्या अणूचे आठपैकी बहुधा सहा किंवा सात इलेक्ट्रॉन निखळून पडलेले असतात. आपल्या वातावरणाच्या वरच्या थरात मात्र सूर्याचे जंबुपार किरण सामान्यतः एकच इलेक्ट्रॉन काढून घेतात. उपग्रहाला सापडलेले आयन या दुसऱ्या जातीचे होते. अणूच्या अंगावर अशी जन्मखूण असते, ही गोष्ट मोठी सोयीची म्हणावी लागेल. हे कण पृथ्वीच्या आयनांबरातूनच वर गेले होते आणि ऊर्जा घेऊन परतले होते.

पण गुरुत्वाकर्षण तोडून ते वर जातात कसे? हलके इलेक्ट्रॉन प्रथम निसटू पाहतात आणि त्यामुळे जे विद्युत्क्षेत्र निर्माण होते ते धन आयनांना वर ओढते. या ‘ध्रुवीय वाता’चे भाकीत १९६८ साली करण्यात आले होते. त्यामागील क्षेत्राचे मापन होण्यास मात्र ११ मे २०२२ हा दिवस उजाडावा लागला. स्वालबार्ड द्वीपसमूहावरून सोडलेल्या अग्निबाणाने सुमारे २५० ते ७७० किलोमीटर उंचीच्या दरम्यान अवघ्या ०.५५ व्होल्टचा फरक नोंदविला. मनगटी घड्याळातील विद्युत्घटाचा दाबही याहून अधिक असतो! तथापि हायड्रोजन आयनाला एवढे बल पुष्कळ झाले. ते त्याच्या वजनाच्या दसपट भरते. सोळापट जड असलेल्या ऑक्सिजनचा भार त्याने हलका होतो, पण सुटका होत नाही. त्यासाठी लागणारी उरलेली ऊर्जा ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातील विद्युत्प्रवाह आणि तरंग पुरवितात. आणि त्यांना बळ मिळते ते सौर वाताकडून. म्हणजे या कणांच्या बाबतीत द्रव्य पृथ्वीचे आणि चेतना सूर्याची, असा प्रकार आहे.

दोन्ही उगमांचे प्रमाण कायम नसते. शांत दिवसांत पृथ्वीभोवतीच्या कंकणप्रवाहात प्रोटॉनांचे प्राबल्य असते. प्रचंड वादळात मात्र त्या प्रवाहाच्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्सिजन आयनांकडे असल्याचे आढळले आहे. या प्रवाहामुळे विषुववृत्ताकडील चुंबकीय क्षेत्र काही काळ क्षीण होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अलिबागच्या वेधशाळेत १९०४ सालापासून असे उतार नोंदले जात आहेत; त्यांतील मोठ्या उतारांमागे ध्रुवांवरून निसटलेल्या आपल्याच हवेचा हात असतो.