विहिरीच्या पाण्यातील क्लोरीन व त्याचे माप

महोत्सवाच्या स्मरणिकेत ब्लीचिंग पावडरीवर लेख असावा, याचे काही सभासदांस नवल वाटेल. परंतु ज्या वास्तूत लग्नकार्ये होतात, विद्यार्थी राहतात आणि उत्सवाच्या पंगती बसतात, तेथील विहिरीच्या पाण्याचा विचार आपणच करावयास हवा.

सर्वसाधारण रीत अशी : पावसाळा लागला की गडी विहिरीत मूठभर पावडर टाकतो, पाण्याला उग्र वास येतो आणि सारे निश्चिंत होतात. ही निश्चिंती आम्हांस पटत नाही. क्लोरीन पाण्यात पडला की तो एकट्या जंतूंवरच खर्च होतो असे नाही. कुजका पालापाचोळा, लोह, अमोनिया हीही त्याचा वाटा घेतात. ही मागणी पुरी झाल्यावर उरतो तो शेष क्लोरीन. पुढे टाकीत किंवा घागरीत नवी घाण शिरली तर पहारा करणारा तोच. म्हणून किती टाकला यापेक्षा अर्ध्या तासानंतर किती उरला, हा खरा प्रश्न. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम उरावा, असे सामान्य प्रमाण आहे. शिवाय पावडरीचाही भरवसा नाही. ताज्या मालात शेकडा ३३ च्या सुमारास क्लोरीन असतो. तोंड उघडे टाकलेल्या पोत्यातून तो हळूहळू उडून जातो.

इंग्लंडातील लिंकन शहरी १९०५ साली विषमज्वराच्या साथीत, व अमेरिकेतील जर्सी सिटीत १९०८ पासून, शहराच्या पाण्यात नियमाने क्लोरीन सोडू लागले. पुढे मोजमापाची साधनेही निघाली. त्यांत हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांच्या नावाची पेटी आम्हांस फार आवडते. तीत एक काळा व सहा पांढरे पेले असतात. काळ्या पेल्यात दोन ग्रॅमचा एक सपाट चमचा पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी घालावयाचे. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी भरून, पहिल्यात त्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यापर्यंत सोडून ढवळावयाचे. अर्ध्या तासाने प्रत्येकात पिष्ट-आयोडाइडचे तीन थेंब टाकले की शेष क्लोरीन असलेल्या पेल्यांत निळा रंग येतो. तिसऱ्या पेल्यापासून रंग उमटला, तर ४५५ लिटर पाण्यास तीन चमचे पावडर लागेल. शाळेतील मुलांनाही जमेल इतके हे सोपे आहे!

औषध सतत मिळावे म्हणून नागपूरच्या संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या ‘नीरी’ने, दुहेरी मडक्याची युक्ती काढली. एक किलो पावडर व दोन किलो जाड वाळू किंचित ओलवून भोकाच्या मडक्यात भरतात, ते दुसऱ्या भोकाच्या मडक्यात ठेवतात व जोडी पाण्याखाली निदान एक मीटर सोडतात. वीसेक माणसांच्या विहिरीस ती दोन-तीन आठवडे पुरते. लग्नाच्या गर्दीला मात्र ती अपुरी पडेल.

शहरांच्या जलकेंद्रांत नळकांड्यांतील वायू निर्वाताच्या ओढीने पाण्यात घेतात. नळीस तडा गेला तर वायू बाहेर न येता हवा आत शिरते. विषारी वायूचे ते काम आपल्या आवारात नको. आपणांस सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण सोडणारा लहान डोसिंग पंप पुरे. तो पाण्याच्या मोटारीबरोबर सुरू व बंद होईल अशी जोडणी हवी. मात्र निधी थोडा असेल तर पंपाआधी चाचणीची पेटी घ्यावी, असे आमचे मत आहे. जुने पिवळ्या रंगाचे ऑर्थोटोलिडिन अपायकारक. गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी बरी.

गढूळ पाणी आधी निवळून घ्यावे. फ्लोराइड, नायट्रेट यांवर क्लोरीनचा उपाय नाही. आणि चाचणी विहिरीच्या काठावर न करता स्वयंपाकघरातील शेवटच्या नळाशी, कार्याच्या दिवशी आचारी येण्यापूर्वी करावी. आकडा तेथेच वहीत नोंदवावा.