मेथीचा उतारा

मामलेदार कचेरीत आयुष्यभर दप्तर सांभाळून निवृत्त झालेले एक गृहस्थ निद्रानाशाची तक्रार घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या नाडीत, रक्तदाबात वा रक्ताच्या तपासणीत दोष काढण्याजोगे काही आढळले नाही. आढळले ते इतकेच की, सकाळी उठण्यास त्यांच्यापाशी काही कारणच उरले नव्हते. गोळ्या न लिहिता मी त्यांना एका पसरट कुंडीत मूठभर मेथीदाणे पेरावयास सांगितले. ते नाराज होऊन गेले, हेही नमूद करतो.

वाचकहो, मेथी मी विचारपूर्वक सुचविली. गुलाब संयमाची परीक्षा पाहतो, आंबा तर नातवंडांसाठीच लावावयाचा; मेथी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती फोडून वर येते आणि तीन-चार आठवड्यांत भाजी होऊन पानात पडते. उदास मनाला असा रोकडा दाखला हवा असतो. मग गवती चहा येतो, कढीपत्ता येतो, आणि झारी वाहणे, माती उकरणे, वाळकी पाने खुडणे या मशागतीत, व्यायाम या शब्दाचा उच्चारही न होता, हातापायांचे सांधे हलते राहतात. स्वतः लावलेल्या अळूच्या फदफद्याची गोडी बाजारच्या अळूला नसते, असे माझे पक्षपाती मत आहे.

पथ्ये थोडी, परंतु मोडू नयेत अशी. मधुमेह्यांनी मातीत अनवाणी जाऊ नये, कारण बधिर पावलास काटा रुतल्याची वार्ता उशिरा पोहोचते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ओणव्याने काम करून एकदम उभे राहू नये, घेरी येते. गुडघे कुरकुरत असतील तर कुंड्याच चौरंगावर चढवाव्यात. धनुर्वाताची लस दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावी. कुंडीखालच्या थाळीतील पाणी आठवड्यातून एकदा ओतून थाळी घासून टाकावी, कारण डेंग्यू पसरविणारा डास तेवढ्याशा साचलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. आणि घरात रांगते मूल असेल तर पिवळ्या कण्हेरीस जागा देऊ नये. तिच्या बिया हृदयास घातक आहेत.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला आहे, इलाज काय, एवढेच त्यांनी विचारले. मी निंबोळी अर्क सांगितला. झोपेविषयी विचारण्याचे दोघांच्याही ध्यानात राहिले नाही.