बहिरेपणा आणि बालकाची भाषा

जन्मतः बहिरे असलेले मूलही आरंभी रडते, हसते, हुंकार देते. त्यामुळे आईबापांस शंका येत नाही. ऐकणारे मूल सुमारे सातव्या महिन्यापासून ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरे घोळवू लागते. बहिऱ्या मुलात ही अवस्था बहुधा फार उशिरा येते. तोवर भाषाग्रहणाचा मोलाचा काळ निघून जातो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १५० श्रवणदोषी बालकांची पाहणी झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत, सहा महिन्यांच्या आत दोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा इतरांहून सरस आढळली. म्हणून श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच व्हावी. पुढे श्रवणयंत्र द्यावे, खुणांची भाषा शिकवावी, वा दोन्ही करावे. मात्र मूल भाषेवाचून राहता कामा नये.