रात्रीच्या विजेचें छायाचित्र

वैशाख सरतांना खर्डीच्या पंचक्रोशींत दुपारचा उकाडा असह्य होतो, संध्याकाळीं पूर्वेस सह्याद्रीच्या माथ्यावर काळे ढग चढतात आणि रात्र पडतांच त्यांतून विजा लखलखूं लागतात. आषाढ-श्रावणांतील संततधारेंत विजा त्या मानानें थोड्या. वळवाच्या व परतीच्या पावसांत त्या पुष्कळ. हा देखावा छायाचित्रांत धरावा, असें कित्येक विद्यार्थ्यांस वाटतें. तो कसा धरावा, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

वीज दिसल्यावर कळ दाबणें बहुधा व्यर्थ होय. डोळ्यांनीं पाहून बोट हलेपर्यंत सुमारें एक-पंचमांश सेकंद जातो, आणि विजेचा सारा खेळ बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आंत आटोपतो. म्हणून शटर आधींच उघडें ठेवून वाट पाहावी लागते. अंधारांत उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्यांत फारसें कांहीं उमटत नाहीं. वीज येते, तेव्हां ती स्वतःच आपलें चित्र काढून जाते.

याच मार्गानें शास्त्रासही मोठा लाभ झाला. पूर्वीं चित्रकार वीज करवतीच्या दातांसारखी काढीत. १८८२ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें विल्यम जेनिंग्ज यांनीं विजेचें छायाचित्र घेतलें. अशा छायाचित्रांत ती ओहोळ-ओढे मिळालेल्या नदीसारखी, अनेक फांद्यांची दिसली. पुढें सी. व्ही. बॉइज यांनीं फिरत्या भिंगांचा कॅमेरा योजिला, व १९३० नंतरच्या दशकांत दक्षिण आफ्रिकेंत शॉनलँड यांनीं त्याच्या साह्यानें दाखविलें कीं, एकाच विजेंत एकामागून एक अनेक झोत असूं शकतात. आपणांस वीज थरथरतांना दिसते, ती यामुळेंच.

आतां कृति पाहूं.

१. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा. हातांत धरल्यास चित्र हललेलेंच येणार.

२. कॅमेऱ्याची आपोआप चालणारी योजना व फ्लॅश बंद करावा. दूरच्या एखाद्या दिव्यावर भिंग हातानें जुळवावें व मग त्यास हात लावूं नये.

३. आय.एस.ओ. १०० किंवा २०० ठेवावा आणि भिंगाचें छिद्र एफ ८ च्या आसपास.

४. शटर दहा ते वीस सेकंद उघडें ठेवावें. तें मिटतांच पुन्हा उघडावें, असें सतत करीत राहावें. बहुतेक चित्रें रिकामीं येतील. त्यानें खचूं नये.

ज्यांच्यापाशीं केवळ मोबाइल आहे, त्यांनीं तो टेकवून चलच्चित्र घ्यावें व मागाहून त्यांतील हवें तें चित्र निवडावें.

येथें एक मर्म ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. वीज किती उजळ उमटेल, हें छिद्रावर व आय.एस.ओ.वर अवलंबून असतें. शटर दहा सेकंद उघडें असो कीं वीस, वीज तेवढीच उजळ येते, कारण ती स्वतः क्षणभरच असते. वेळ वाढविल्यानें वाढतो तो भोंवतालचा उजेड, म्हणजे स्टेशनचे दिवे व ढगांवरील त्यांची प्रभा. म्हणून वीज फटफटीत पांढरी आली, तर छिद्र लहान करावें. आकाश फिकें आलें, तर वेळ कमी करावा. प्रत्येक खेपेचे आंकडे वहींत टिपून ठेवले, म्हणजे दुसऱ्या रात्रीं चांचपडावें लागत नाहीं.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ध्वनि तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीननें भागावें. नऊ सेकंद आले, तर वीज तीन किलोमीटरांवर आहे. मात्र पुढची वीज तितक्याच दूर पडेल, असें मुळींच नाहीं. गडगडाट कानीं आला, कीं आपण तिच्या टप्प्यांत आहों असेंच समजावें. तेव्हां पक्क्या घरांत असावें व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. कॅमेरा बंद खिडकीच्या कांचेपाशीं ठेवून खोलींतील दिवा मालवावा. खिडकीच्या गजांस हात लावूं नये आणि चार्जरची तार जोडूं नये. गच्ची, पडवी, झाडाचा आडोसा, भाताच्या खाचराचा बांध, माहुलीचा गड, यांपैकीं कोठेंही त्या वेळीं थांबणें घातक होय.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांस हा छंद करूं द्यावा, पण खिडकीच्या आंतूनच. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनें केलेलें ‘दामिनी’ हें ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतें. तेंही घरांत असूं द्यावें. जो मुलगा छायाचित्रासाठीं सेकंद मोजावयास शिकला, तो शेतावर असतांना आईबापांस वेळेवर घरीं चला म्हणूं शकेल. एवढें साधलें, तर एकही चित्र उमटलें नाहीं तरी त्याचा अभ्यास फुकट गेला नाहीं, असें आम्ही समजूं.