हुंडा मठात गेला तेव्हा

प्रश्न : मुलीच्या शाळेचा सगळा कारभार सिस्टर बघतात, पण चर्चमध्ये मिस्सा फादरच सांगतात. मध्ययुगात तरी ख्रिस्ती बायकांच्या शब्दाला वजन होतं का, की त्या नुसत्या जप करत बसायच्या?
– एक वाचक, बालाघाट (म. प्र.)

उत्तर : वजन होतं, आणि त्यातलं बरंचसं जमीनजुमल्यातून आलेलं होतं. पाद्री होणं तेव्हाही बाईच्या नशिबी नव्हतं. पण युरोपात मोठ्या घरची मुलगी नन झाली की लग्नात द्यावा तसा हुंडा मठाला जाई : शेतं, द्राक्षमळे, रोकड. तो सासरच्यांच्या हाती न पडता मठप्रमुख बाईच्या हाती यायचा. यायला हवा, असं म्हणू, कारण त्यासाठीही भांडावं लागे.

जर्मनीतली हिल्डेगार्ड (१०९८–११७९) अशीच भांडली. तिचा मठ पुरुषांच्या मठाला जोडलेला होता. ११५०च्या सुमारास ती आपल्या नना घेऊन बिंगेनजवळच्या रूपर्ट्सबर्गला निघाली, तेव्हा त्या मुलींची मालमत्ता सोडायला भिक्षू तयार होईनात. बाईने ती सोडवून घेतली. मग धर्मग्रंथ, औषधी वनस्पतींवरचं लेखन, गाण्यांच्या चाली, पोपना आणि सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला खरमरीत पत्रं, असं सगळं तिने केलं. ऐंशीच्या घरात असताना तिने एका सरदाराला मठाच्या स्मशानात पुरू दिलं. तो पूर्वी बहिष्कृत होता म्हणून माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरायचा हुकूम सोडला. तिने साफ नकार दिला. शिक्षा म्हणून मठातलं गाणं बंद झालं. हिने उलट लिहिलं की देवाची स्तुती थांबवणाऱ्यांना वर गेल्यावर जाब द्यावा लागेल. बंदी उठली ११७९ मध्ये, ती वारली त्याच वर्षी. चर्चने तिला ‘डॉक्टर’ ही पदवी दिली २०१२ साली. एवढी घाई कशाला केली कोण जाणे.

फ्रान्समधल्या फोंतव्हरोच्या मठात तर भिक्षूही मठप्रमुख बाईच्याच हुकमात असत, आणि ते थेट फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत चाललं.

मालमत्तेशिवाय वजन मिळवणाऱ्याही होत्या. सिएनाची कॅथरिन (१३४७–१३८०) रंगाऱ्याची मुलगी. आव्हिन्यों इथे मुक्काम ठोकून बसलेल्या पोप अकरावा ग्रेगरी याला तिने रोमला परतायचा धोशा लावला आणि १३७७ मध्ये तो परतला. श्रेय एकटीचं नाही, पण आवाज तिचा होता. तिच्याआधी शतकभर आपल्याकडे महदाइसा होऊन गेली. ‘धवळे’ रचणारी, चक्रधरांना प्रश्न विचारून भंडावणारी ही महानुभाव बाई भिक्षा मागून राहायची. तिचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांच्या हिशोबाने सतरावं शतकही मध्ययुगातच येतं, म्हणून गोव्याकडे वळतो. जुन्या गोव्यात आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ मध्ये सांता मोनिका हा ननांचा मठ सुरू केला. आधी पोर्तुगीज दरबार अशा मठाला राजी नव्हता : पूर्वेकडे पोर्तुगीज बायका थोड्या, त्या लग्नाला हव्या होत्या. इमारत १६२७ मध्ये उभी राहिली. श्रीमंत विधवा आणि मुली हुंडे घेऊन आत गेल्या, मठाकडे जमिनी जमल्या, आणि नगराच्या कारभाऱ्यांनी राजाकडे गाऱ्हाणी नेली की शहराचा पैसा या भिंतींआड चालला आहे. गाऱ्हाण्यात भक्तीची काळजी थोडी, वधू आणि तिजोरी यांचीच जास्त असावी, असं मला वाटतं. मात्र या मठाला स्त्रीस्वातंत्र्याचं बेट समजू नका. आत गेलेलीला बाहेर पडायची मुभा नव्हती, बहुतेकजणी पोर्तुगीज घराण्यांतल्या होत्या आणि त्यांची कामं करायला गुलाम बायका होत्या.

१८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघांवर बंदी आणली. ननांना लगेच हाकललं नाही, फक्त नव्या मुली घेऊ दिल्या नाहीत. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. १९६४ पासून त्याच इमारतीत ननांना ईश्वरशास्त्र शिकवणारी ‘मातेर देई’ संस्था आहे, शेजारी ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. गोव्याला गेलात तर समुद्रकिनाऱ्यातून अर्धा दिवस काढून पाहून या.